देलाक्रुआने टाइल्स अर्धवट का सोडल्या, आणि तुम्ही मोरोक्कोत काय करावं

आधी तुमचा प्रश्न मला कसा कळला ते सांगते, म्हणजे गफलत नको. तुम्ही कोल्हापूरचे, नोव्हेंबरमधे दहा दिवस मोरोक्कोला चाललाय, सोबत स्केचबुक नेणार आहात. तयारी म्हणून फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्रुआच्या १८३२ च्या मोरोक्को प्रवासातल्या वह्यांची पानं ऑनलाइन बघितलीत आणि हिरमुसलात, कारण वाटलं होतं भिंतीभर टाइल्सची नक्षी बघायला मिळेल आणि निघालं काय, तर एखाद्या कोपऱ्यात थोडीशी नक्षी, बाकी भिंत नुसत्या दोनचार रेघा नाहीतर कोरी, आणि बाजूला फ्रेंचमधे काहीतरी खरडलेलं. म्हणून तुम्ही विचारलंत की एवढ्या मोठ्या चित्रकाराला ही भूमिती जमत नव्हती, की वेळ नव्हता, आणि तुम्ही जागेवर बसून काढावं की सरळ फोटो काढून घरी ट्रेस करावं.

मी वीसेक वर्षं जुन्या वास्तूंची रेखाटनं करते. मोजमापाची ड्रॉइंग्ज पण करते, टेप आणि ओळंबा घेऊन, आणि प्रवासातली स्केचेस पण, म्हणजे मांडीवर वही आणि पाण्याचा ब्रश. दोन्ही कामं एकाच हाताने होतात पण दोन्हींचं डोकं वेगळं लागतं, आणि तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला तिथेच दिसते. तुम्ही देलाक्रुआच्या वहीकडे पॅटर्न-बुक म्हणून बघताय. ती त्याने स्वतःसाठी लिहिलेली वही आहे, पुढे कधीतरी चित्र करताना लागेल ते टिपून ठेवलेली.

आता त्याची परिस्थिती बघा, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. फ्रान्सने १८३० मधे अल्जिअर्स घेतलं होतं, त्यामुळे शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाशी बोलणी करायला काउंट द मॉर्ने नावाचा दूत पाठवला गेला आणि त्याच्यासोबत तेहतीस वर्षांचा देलाक्रुआ गेला. ११ जानेवारी १८३२ ला तुलाँ बंदरातून निघाले, २४ ला टँजिअरसमोर पोचले. मार्चच्या ५ तारखेला टँजिअरहून घोड्यांवर निघाले ते १५ ला मेकनेसला, आणि तिथे रिवाज असा की सुलतानाची भेट होईपर्यंत पाहुण्यांनी बाहेर हिंडायचं नाही, तर भेट झाली २२ मार्चला. म्हणजे ज्या शहराची नक्षी बघायला आपण आज तिकीट काढून जातो तिथे तो पहिला आठवडा एका घरात बसून होता. ५ एप्रिलला मेकनेस सोडलं, मग परत टँजिअर, मे महिन्यात स्पेनमधे काडिझ आणि सेव्हिल, जूनच्या शेवटी फक्त तीन दिवस अल्जिअर्स, आणि ५ जुलैला पुन्हा तुलाँ. एकूण सहा महिने, त्यात बराचसा वेळ सरकारी लवाजम्यासोबत. लोकांना आपलं चित्र काढलेलं आवडायचं नाही, उघड वही काढून बसणं अवघडच, त्यामुळे हात चटकन चालवावा लागायचा. बऱ्याच पानांवर पेन्सिल किंवा शाई आधीची आणि रंग मागाहून भरलेला दिसतो.

वह्याही लहान. पॅरिसच्या लूव्र म्युझिअममधे त्यातल्या तीन आहेत आणि शाँतियीच्या म्युझिअममधे एक. त्यांतली एक तर साधारण १६ बाय १० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पॉकेट डायरीएवढी. एवढ्याशा पानावर वर एक कमान, खाली अंगणाचा कोपरा, मधे दोन माणसं, आणि उरलेल्या जागेत मजकूर. तर घाई होती हे खरं. पण मला ते पूर्ण उत्तर वाटत नाही. ज्याला वेळ मिळाला असता तर भिंत पूर्ण काढायचीच होती असा माणूस शब्द लिहीत बसत नाही, तो रेघा वाढवत जातो. देलाक्रुआ थांबतो आणि रंगाचं नाव लिहितो. निळा, पांढरा, पिवळा, कुठे काय. नक्षी एकदा समजली की पुढे ती परत परत काढायची नाही, तिचा हिशोब लिहून ठेवायचा, हे त्याने ठरवून केलंय असं माझं मत आहे.

हे आपल्याला परकं नाही खरंतर. माझ्या आजीची रांगोळीची वही होती, शंभर पानी, कव्हर फाटलेलं. तिच्यात एकही रांगोळी पूर्ण नव्हती. वर '१५ ते ८' असं ठिपक्यांचं गणित, खाली एक पाव भाग नीट जोडलेला, आणि पुढे 'असंच चारी बाजूंनी', आणि पाकळीवर 'गुलाबी', मधल्या चौकटीत 'पोपटी'. बास. तिला तेवढं पुरायचं, कारण दिवाळीच्या सकाळी अंगणात बसली की हात बाकीचं करणार हे तिला माहीत होतं. ती वही बघून कोणी म्हणालं असतं का की बाईंना रांगोळी पूर्ण काढता येत नव्हती? देलाक्रुआचं पान उघडलं की मला ती वही आठवते, दोन्हीत एकच शहाणपण आहे. नक्षीचा एक घटक, तो कसा फिरतो, आणि रंग कुठे. उरलेली भिंत म्हणजे त्याच वाक्याची पुनरुक्ती.

आणि गंमत अशी की टाइल्स बनवणारे कारागीरही तसंच काम करतात, हे मी फेझला बघितलं तेव्हा मला ती अर्धी पानं खऱ्या अर्थाने कळली. मोरोक्कोतल्या भिंतींवर जे असतं त्याला झेलिज म्हणतात. आपण टाइल म्हटलं की चौकोनी तयार नक्षी डोळ्यासमोर येते, पण झेलिजमधे एका टाइलवर एकच रंग असतो, नक्षी नसतेच. साधारण १० सेंटिमीटरचे चौकोन भाजून, एका रंगाची चकाकी देऊन तयार करतात. हिरवा तांब्यापासून, निळा कोबाल्टपासून, मधासारखा पिवळा-तपकिरी लोखंडापासून, काळपट मँगनीजपासून. मग त्या चौकोनातून एकेक आकार हाताने फोडून काढतात, तारा, लांबट षटकोन, बाणाच्या टोकासारखा, बदामासारखा. मी ज्या कामाच्या जागी गेले होते तिथे एक म्हातारे मांडी घालून बसले होते, पुढे दगडात बसवलेली लोखंडी ऐरण, हातात दोन्ही बाजूंनी धारदार जड हातोडा, त्याला ते मेनकाश म्हणतात. टाइल ऐरणीच्या कडेवर धरायची, हातोड्याचं नुसतं वजन पडू द्यायचं, टक, टक, टक, आणि दरवेळी नखाएवढी कपची उडायची. टाइलवर आखलेल्या पांढऱ्या रेघेच्या बरोब्बर वर. आठ टोकांचा तारा माझ्यासमोर एका टाइलमधून निघाला, आणि त्यांनी तो पालथा करून मला दाखवला की कडा मागच्या बाजूला आत तिरप्या आहेत, म्हणजे समोरून दोन तुकडे घट्ट भिडतात आणि मागे मसाला भरायला जागा राहते.

पुढचं तर मी अर्धा तास श्वास धरून बघत होते. जुळणी करणारा तुकडे जमिनीवर पालथे मांडतो. रंगीत बाजू खाली. त्याला वरून दिसते ती सगळ्यांची भाजक्या मातीची पाठ, सगळी एकसारखी विटकरी. कुठला निळा, कुठला हिरवा हे त्याला आकारावरून आणि डोक्यातल्या हिशोबावरून माहीत. सगळं मांडून झालं की वरून मसाला ओतायचा, वाळला की पॅनल उभं करून भिंतीला लावायचं, आणि तेव्हा पहिल्यांदा नक्षी दिसते. म्हणजे ही जी भिंत आपल्याला चक्रावून टाकते ती बनवणाऱ्याने न बघता बनवलेली असते, पाठ असलेल्या नियमावर. ज्याला मूळ घटक कळला त्याला भिंत कळली. देलाक्रुआ त्या कारखान्यात गेला होता असं मी म्हणत नाही, पण चित्रकाराची नजर त्याच जागी पोचली एवढं नक्की.

माझी स्वतःची चूक सांगते, कारण तुम्ही तीच करणार आहात अशी मला भीती वाटतेय. मेकनेसला बू इनानिया मदरसा आहे, चौदाव्या शतकातला. आत अंगण, मधे पाणी, आणि भिंतीचे तीन थर: खाली झेलिज, त्यावर कोरलेला चुना, त्यावर देवदार लाकूड. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ठरवलं की एक आख्खं पॅनल पूर्ण काढायचं, पट्टी आणि कंपास घेऊन. चार तास बसले. भूमिती बरोबर आली, एकही तारा चुकला नाही, रंग सगळे जागच्या जागी. हॉटेलवर येऊन वही उघडली आणि पान मेलेलं होतं, बेडशीटच्या प्रिंटसारखं. ती भिंत सकाळी किती गार दिसत होती, अकराच्या सुमाराला वरून ऊन उतरलं आणि पांढऱ्या तुकड्यांवर आकाशाचा निळा कसा सांडला, खालच्या ओळी लोकांच्या हातापाठीने कशा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, यातलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं. कारण मी चार तास खाली मान घालून कंपास फिरवत होते. आणि नक्षी तर मला कुठल्याही चांगल्या फोटोवरून घरी काढता आली असती.

बरं, सगळं मोजून काढणं वाईट असंही नाही, तो वेगळा धर्म आहे. देलाक्रुआ परतल्यावर दोनच वर्षांनी, १८३४ मधे, ओवेन जोन्स नावाचा इंग्रज वास्तुकार आणि त्याचा फ्रेंच मित्र ज्यूल गूरी स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात जाऊन बसले आणि त्यांनी तिथली नक्षी मापून, ट्रेस करून, साचे घेऊन काढली. गूरी तिथेच कॉलऱ्याने गेला. जोन्स पुन्हा जाऊन आला आणि मग रंगीत शिळाछापात ती सगळी ड्रॉइंग्ज छापली, त्यासाठी स्वतः छपाईच्या मागे लागला. त्या पानांवरून आजही भिंत परत बांधता येईल. विसाव्या शतकात डच चित्रकार एशर १९२२ ला आणि मग १९३६ ला अल्हाम्ब्रात गेला, दुसऱ्या वेळी बायकोसोबत दिवसेंदिवस टाइल्सच्या नकला केल्या, आणि त्यातून त्याचे ते एकमेकांत गुंतलेले पक्षी-मासे पुढे आले. तर त्यांना नियम हवा होता आणि त्यासाठी अचूकपणा लागतोच. देलाक्रुआला काय हवं होतं? त्याला हवी होती खोली. तिच्यात बसलेली माणसं, त्यांच्या मागे गार चमकणारी भिंत, दारातून येणारा उजेड.

म्हणून वहीची पानं एकटी बघू नका, त्यातून पुढे काय झालं ते सोबत ठेवून बघा. १८३४ चं 'अल्जिअर्सच्या स्त्रिया' हे त्याचं मोठं चित्र लूव्रमधे आहे, जवळपास १८० बाय २२९ सेंटिमीटर. हाय-रेझोल्यूशनमधे उघडा आणि बायकांच्या मागची भिंत झूम करा. लांबून टाइल्स अगदी खऱ्या वाटतात, चौकोन मोजता येतील असं वाटतं, आणि जवळ गेलात की नक्षी विरघळते, उरतात निळसर, हिरवट, पिवळट फटकारे, कुठे एक ठिपका, कुठे अर्धी रेघ. पण ते फटकारे वाटेल तसे मारलेले नाहीत, ओळ कुठे सरकते, कोपऱ्यात काय होतं, जमिनीशी भिंत कशी मिळते हे त्याला माहीत आहे. हे माहीत असणं आलं वहीतून.

इथे एक सावध करायचंय. तुम्ही लिहिलंय की त्या चित्रातल्या टाइल्सवरून झेलिजचा अभ्यास सुरू केलाय. तो करू नका, निदान झेलिज म्हणून तरी नको. अल्जिअर्सच्या घरांतून बहुतेक बाहेरून आणलेल्या, ब्रशने रंगवलेल्या चौकोनी टाइल्स असायच्या, ट्युनिसच्या कलालीन भागातल्या, इटलीच्या, स्पेनच्या, अगदी हॉलंडच्या डेल्फ्ट टाइल्ससुद्धा. एका चौकोनावर पूर्ण फूल किंवा चार चौकोन मिळून एक फूल. झेलिजमधे अशा चौकोनांची जाळी नाहीच, जोडाची रेघ हीच नक्षीची रेघ. रंगवलेल्या टाइलमधे मात्र जोडाची रेघ नक्षीला कापत जाते, म्हणजे भिंतीवर दोन जाळ्या एकावर एक असतात, एक सांध्यांची सरळ आणि एक रंगाची. डोळ्याला ते पूर्ण वेगळं लागतं आणि हातालाही. मेकनेस-फेझला तुम्हाला पहिला प्रकार भेटणार आहे, सेव्हिलला गेलात कधी तर दोन्ही.

आता पंधरा वर्षं पुढे जा. १८४९ मधे त्याने तेच दृश्य पुन्हा केलं, ते फ्रान्समधल्या माँपेलिएला आहे, आकाराने निम्म्याहून लहान. त्यात बायका मागे सरकल्या आहेत, खोली अंधारली आहे, मधे थोडा उजेड, आणि भिंतीवरच्या टाइल्स जवळपास सावलीत मुरल्या आहेत. नक्षी कमी झाली आणि खोली जास्त खरी झाली असं मला तरी वाटतं. त्याने स्वतःच १७ ऑक्टोबर १८५३ च्या रोजनिशीत याचं कारण लिहून ठेवलंय. आशय असा की आफ्रिकेच्या प्रवासातून आपल्या हातून काही बरं काम व्हायला लागलं ते बारीकसारीक तपशील पुरेसे विसरल्यावरच, जेव्हा फक्त मनावर ठसलेलं तेवढं उरलं, तोपर्यंत अचूकपणाचा हव्यास मागे लागला होता, आणि बहुतेक लोक त्यालाच सत्य समजतात.

हे वाक्य हल्ली लोक फार सोयीने वापरतात. 'विसरा, मोकळं व्हा, भावना काढा' वगैरे. अहो, पण विसरायला आधी माहीत असायला लागतं ना! त्याने सात वह्या भरल्या होत्या, शिवाय सुटे कागद वेगळे. कमान किती मोडते, पायरी किती उंच, टाइल कुठपर्यंत आणि चुना कुठून, कुठल्या बाईच्या ओढणीला कुठला रंग, सगळं नोंदवून मग वीस वर्षांनी तो म्हणतोय की आता विसरलो. आपण दोन फोटो काढून येऊन विसरलो तर काहीच उरत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की आधी तपशिलाचं कर्ज फेडा आणि मग मोकळे व्हा, त्याचा क्रम तसाच होता.

तर तुमचं उत्तर असं: जमत नव्हतं हे नाही, घाई थोडी होती, आणि बाकी सगळं ठरवून. आता तुम्ही काय करायचं ते, माझी पद्धत सांगते, तुमच्या हाताला जमेल तशी बदला.

भिंतीसमोर बसलात की पहिली दहा मिनिटं वही बंद ठेवा. ताऱ्याचा मध्य शोधा, मग त्याच्यासारखाच दुसरा तारा शोधा, आणि दोन्हींमधलं अंतर डोळ्याने धरा. तेच तुमचं घर, रांगोळीतल्या दोन ठिपक्यांसारखं. सगळ्यात जास्त भेटणारा आठ टोकांचा तारा म्हणजे एक चौकोन आणि त्यावर तिरका फिरवलेला तेवढाच दुसरा चौकोन, त्याला तिथे खातेम म्हणतात, म्हणजे अंगठीचा शिक्का. तो आधी कच्च्या कागदावर दोनतीनदा काढा, पट्टीशिवाय. कागद तिरका दुमडला की ४५ अंश आयते मिळतात, कंपास लागत नाही. बारा-सोळा टोकांच्या ताऱ्यांच्या नादी पहिल्या दिवशी लागू नका, चोवीसच्या तर मुळीच नको.

मग पानावर एकच घटक पूर्ण करा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, पण चोख. रंगासकट. त्याच्या शेजारचा अर्धा करा म्हणजे ते जुळतात कसे ते कळेल. इथे थांबायचं, हात शिवशिवतो पण थांबायचं, आणि लिहायचं: खालून किती ओळी, आडवे किती तारे, पट्टी कुठल्या रंगाची. आकडे मोजून लिहा, अंदाजे नको. मराठीत लिहा, जे शब्द सुचतील ते, 'मोरपिशी', 'कच्च्या कैरीसारखा', 'शिळ्या ताकासारखा पांढरा'. रंगाच्या ट्यूबवरची नावं लिहू नका, सहा महिन्यांनी ती काही सांगत नाहीत, आणि कच्ची कैरी मात्र तेव्हाही डोळ्यासमोर येते.

त्यानंतर कोपरा. कारागिराची खरी परीक्षा कोपऱ्यात असते, भिंत संपते तिथे नक्षी कशी संपवली, तारा कापला की पट्टी घालून सावरला, खांबाला वळसा कसा घातला. फोटोत हे बहुतेक वेळा सुटतं कारण आपण नेहमी मधल्या देखण्या भागाचा फोटो काढतो. मी तर वेळ कमी असेल तेव्हा मधलं सोडते आणि फक्त कोपरा काढते.

शेवटी उजेड. हाताने फोडलेले तुकडे भिंतीत अगदी एका पातळीत बसत नाहीत, एखादा केसभर आत, एखादा किंचित कललेला, त्यामुळे प्रत्येकावर आकाश वेगळं पडतं आणि भिंत सळसळते, चालताना विशेष. हे नक्षी काढून येत नाही. यासाठी पानाच्या खाली वेगळी आडवी पट्टी करा, तीन बोटं रुंद, तिच्यात रेघ एकही नको, फक्त पाण्याच्या रंगाचे डाग, सावलीतला भाग कुठला, चमक कुठे, पांढरा खरंच पांढरा दिसतोय का. तो दिसत नाही, बघाल तुम्ही. सावलीतला पांढरा निळसर असतो, आणि समोर पिवळ्या चुन्याची उन्हातली भिंत असेल तर त्याच्या खालच्या कडेला ऊब चढलेली असते. देलाक्रुआ परतला तो हे सावलीतले रंग घेऊन, आणि पुढच्या चित्रकारांनी त्याच्याकडून उचललं तेही हेच जास्त. शिवाय एक माणूस काढा, कसाही, काठीसारखा चालेल, भिंतीला टेकलेला. टाइल्स त्याच्या कमरेपर्यंत की खांद्यापर्यंत, तेवढ्या एका खुणेने आख्ख्या पानाला माप मिळतं.

या सगळ्याला मला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, तुम्हाला पहिल्यांदा तास-सव्वा तास धरा. ग्रुप टूरमधे गाइड तुम्हाला एका मदरशात वीस मिनिटं देईल, तेव्हा एक तर ग्रुपला सांगून एक सकाळ मोकळी मागून घ्या, किंवा वीस मिनिटांत घटक आणि कोपरा एवढंच करा आणि उजेडाची पट्टी रात्री आठवणीने करा, ती त्याच रात्री केली तर उतरते, दुसऱ्या दिवशी नाही. मशिदींत बहुतेक ठिकाणी बिगर-मुस्लिमांना आत जाता येत नाही, मदरसे मात्र बघता येतात, तेव्हा तुमचं काम बहुतेक मदरशांतच होणार. सकाळी उघडल्या उघडल्या जा. रस्त्यात काढत बसलात तर माणसांचे चेहरे विचारल्याशिवाय काढू नका, देलाक्रुआच्या वेळची नाराजी आजही असू शकते आणि ती रास्त आहे.

फोटोचं म्हणाल तर जरूर काढा, पण काढायचं ठरलेलं काढून झाल्यावर. आधी फोटो काढला की डोळा म्हणतो झालं काम, आणि हात आळसावतो, हे मी स्वतःवर आणि पन्नासेक विद्यार्थ्यांवर बघितलंय. समोरून, भिंतीला कॅमेरा समांतर धरून एक, आणि कोपऱ्याचा एक. तुम्हाला जर ही नक्षी पुढे कापडावर किंवा फरशीच्या डिझाइनला वापरायची असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल, मग फोटोच मुख्य, घरी बसून कंपास घेऊन जोन्ससारखं काम करा, प्रवासातला वेळ त्यात घालवू नका. तुमच्या प्रश्नावरून मला वाटलं की तुम्हाला चित्र करायचंय, म्हणून एवढं लिहिलं.

आणि जायच्या आधी एक सराव. कोल्हापूरहून पणजी काही लांब नाही. तिथे मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत प्रवेशाच्या हॉलमधे अझुलेजची, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्सची, मोठी पॅनल्स आहेत, पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग, १९३५ ची, जॉर्ज कोलासोने रंगवलेली. हा कोलासो लिस्बनचा म्हणून ओळखला जातो पण जन्मला टँजिअरला, १८६८ मधे, म्हणजे देलाक्रुआ ज्या बंदरात उतरला त्याच गावात, छत्तीस वर्षांनी. मला हे कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा त्या हॉलमधे जाऊन उभी राहिले होते. ती झेलिज नाही, रंगवलेल्या चौकोनांची आहे, म्हणजे अल्जिअर्सच्या जातीची, तेव्हा दोन जाळ्यांचं मी वर म्हटलं ते तिथे स्वच्छ दिसेल: चेहऱ्यावरून, घोड्याच्या पायावरून सांध्याची सरळ रेघ जाते आणि तरी चित्र तुटत नाही. प्रसंग काढू नका. चौकटीचा एक कोपरा घ्या, तीन टाइल्स रंगवा, बाकी शब्दांत लिहा, ओळी मोजा, खाली उजेडाची पट्टी करा, दारातून येणारा उजेड चकाकीवर कुठे पडतो तेवढीच. मग ते पान इथे टाका, मी बघून सांगते कुठे थांबायला हवं होतं.